साडेसातशे मीटरवरून

उद्यमबागेत, आमच्या शेडच्या मागल्या खोलीत
एकवीस वर्षं मी प्रेशर गेज तपासतो.
सुई शून्यावर परत येते का, बघायचं.
नाही आली तर काच उघडून
आतली केसाएवढी स्प्रिंग सरळ करायची.

दाब वाढला की काय फुटतं, हे मला ठाऊक.
दाब कमी झाला की काय होतं
ते विचारायला गेलो डॉक्टर पट्टणशेट्टींकडे,
टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ,
हातात हिमालयाचा फॉर्म.

बीपी घेतलं त्यांनी. पेनचं टोपण लावलं.
"आजवर सर्वात उंचावर कुठं झोपलात?"
"आंबोली," मी म्हणालो, जरा ऐटीतच.
"आंबोली बेळगावच्या खाली आहे हो."
"राजहंसगड चढतो दर रविवारी,
पाठीवर दहा किलो जोंधळे घेऊन."
"चढता कुठं ते नाही विचारलं. झोपता कुठं?"

मग एकेक : सल्फाची गोळी कधी अंगावर उठली?
झोपेचं औषध? रात्रीचा एखादा पेग?
तीन हजार मीटरच्या वर
आजचं अंथरूण कालच्यापेक्षा
तीनशे, फार तर पाचशे मीटर वर. त्याहून जास्त नाही.
तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच मुक्काम.
"आणि तुमच्यासारखे दमदार लोकच
मला जास्त काळजीचे वाटतात.
पाय ऐकतात तुमचं. रक्त ऐकेलच असं नाही."

सुभेदार कणबरकर आमच्या गल्लीतले,
बर्फात दोन हिवाळे काढलेले.
त्यांनी मला अंगणातल्या फरशीच्या सांध्यावर उभं केलं.
"टाचेला चवडा लावत चाल. खाली बघू नको."
चाललो. शेजारची पोरं हसली.
"रोज सांजच्याला तिथं हेच करायचं.
पाय सांध्याबाहेर पडूलालाय असं दिसलं
की उतरायचं. रात असली तरी,
एकट्यानं नव्हे, कुणाला तरी धरून."
चहात पाव बुडवून म्हणाले,
"डोकं दुखूलालंय म्हणून जो बोंबलतो
तो घरला येतो बघ."

मोनाप्पा सुळगेकर बोंबलला नव्हता.
अडतीस हजार भरलेले,
रजा मिनतवारीनं मिळालेली,
आणि कोपऱ्यावर त्याचा बॅनर,
गॉगल लावलेला, मागं कुठलं तरी परदेशी शिखर,
खाली शुभेच्छुकांची सोळा नावं.
अर्ध्या वाटेतून त्या बॅनरखालून कसं यायचं?
म्हणून डोकं दुखलं त्याला म्हणाला झोप झाली नाही,
उलटी झाली तिला म्हणाला पित्त,
आणि वर चढत राहिला.
तिसऱ्या सकाळी तंबूच्या तोंडाशी बसून
बुटाची नाडी हातात धरून
तिचं काय करायचं असतं ते आठवेना.
घोड्यावर बांधून उतरवला.
आज ठणठणीत आहे, फौंड्रीत पाळी करतो.
फक्त सकाळी नाडी बांधताना
क्षणभर थांबतो. मी पाहिलंय.

मी मंडळाच्या पोरांना सांगून ठेवलंय :
बॅनर लावाल तर फाडीन.

आणि रात्री जेवणानंतर गच्चीवर
एकच वाक्य पाठ करतो,
कोण बरोबर असेल सांगता येत नाही म्हणून तिन्ही भाषांत :
माझं डोकं दुखतंय.
नन्न तली नोयाकत्तैती.
मेरा सर दुख रहा है.
पहिल्यांदा जीभ अडली. आपल्याच भाषेत जास्त.
पन्नाशीच्या माणसाला हे म्हणायची सवय कुठं असते?
बायको कपडे काढायला वर आली.
"अजून गाडीत बसला न्हाईसा,
आत्तापासनंच दुखूलालंय व्हय?"
म्हटलं, सराव.
ती वाळलेल्या चादरीची घडी घालत थांबली.
"मग मोठ्यानं म्हणा की. वारं असतंय तिथं."

फॉर्म काल भरून दिला.
'यापूर्वी गाठलेली सर्वाधिक उंची' या रकान्यात
आंबोली लिहून खोडलं होतं,
त्याच्या शेजारी बसेल एवढ्या अक्षरात लिहिलं :
राहतं घर, दुसरा मजला.